डावी अठरा

गेल्या वर्षी गणपती उठल्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी साडेनऊच्या सुमारास, परळच्या एका सोनोग्राफी केंद्रात माझ्या डाव्या बीजांडकोशातलं फॉलिकल साडेसोळा मिलिमीटर मोजलं गेलं. आदल्या दिवशी गिरगावात तेच फॉलिकल अठरा मिलिमीटर होतं.

फॉलिकल म्हणजे स्त्रीबीज ज्यात वाढतं ती पाण्याची पिशवी. ती दिवसाला दीड-दोन मिलिमीटरने वाढते. अठरा-वीसला पोचली की इंजेक्शन देऊन ती फोडतात, बीज बाहेर पडतं, आणि पुढचे दोन दिवस नवराबायकोचे असतात. वाढीच्या दिवसांत ती सहसा लहान होत नाही.

मी तेव्हा एकोणचाळीस वर्षांची होते. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. उपचारांचा हा चौथा महिना होता आणि शेवटचा. परळच्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की हा मार्ग चार महिने चालवू, मग थांबू. शरीराबाहेर गर्भ तयार करण्याचा जो पुढचा मार्ग असतो त्याची औषधं मला देता येणार नव्हती, कारण पूर्वी एकदा पायात रक्ताची गुठळी झाली होती. हे त्यांनी कागदावर लिहून दिलं आणि खाली रेघ मारली.

आम्ही फणसवाडीत राहतो. नवरा फोर्टात एका विमा कंपनीत आहे. मी एका मराठी दैनिकाच्या वृत्तविभागात आहे. बाहेरून आलेली बातमी तपासणं, कापणं आणि तिला मथळा देणं हे माझं काम. ऑफिस परळला, कामाची पाळी दुपारी बाराची. सोनोग्राफी महिन्यातून पाच-सहा सकाळी करावी लागे, म्हणून ती घरापासून चालत पाच मिनिटांवर असलेल्या गिरगावातल्या दवाखान्यात करायची आणि आकडा परळला व्हॉट्सअ‍ॅपवर कळवायचा, असं ठरलं होतं. परळच्या सिस्टर तो डॉक्टरांना दाखवत. उत्तर येई: "परवा परत" किंवा "आज इंजेक्शन".

गिरगावच्या डॉक्टर सत्तरीला टेकलेल्या, तिथल्याच जुन्या ख्रिस्ती घरातल्या. दवाखाना तळमजल्यावर. बाहेर लाकडी बाक आणि समोर गर्भलिंग निदान येथे केले जात नाही हा फलक. हा फलक मी नंतर परळलाही पाहिला. शब्द तेच, क्रम तोच. कायद्याने ठरवून दिलेलं ते एक वाक्य सगळीकडे सारखं होतं.

बाकावर आठ वाजता चार-पाच बायका असत. ओळख नावाने होत नसे.

"तुमचं किती आलं?"

"चौदा."

"चांगलंय की. माझं गेल्या महिन्यात अकरावरच बसलं होतं, सरकारी फायलीसारखं."

"मग?"

"मग काय, साहेब रिटायर झाले."

सगळ्या हसत. आतून डॉक्टरांचा आवाज येई, "हसायचं नाय गो, माझं मशीन हलतं."

पडद्यावर फॉलिकल काळं दिसतं. पाणी काळं दिसतं, बाकी सगळं करडं. अठराचं फॉलिकल साधारण पिकलेल्या करवंदाएवढं असतं, रंगही तोच. डॉक्टर त्या काळ्या गोलाच्या एका कडेला एक फुली ठेवत, समोरच्या कडेला दुसरी. मशीन दोन फुल्यांमधलं अंतर सांगे. मग आडव्या बाजूने पुन्हा दोन फुल्या. शेवटी गर्भाशयाच्या अस्तराची जाडी. हे सगळं त्या एका चिठ्ठीवर शाईच्या पेनाने लिहीत आणि चिठ्ठी माझ्या हातात देत. मी बाकावर बसूनच मेसेज टाइप करत असे.

घरात माजघराच्या तुळईला एक लोखंडी कडी आहे. नवऱ्याचा पाळणा तिला टांगलेला होता. आमच्या लग्नापासून तिला छत्र्या अडकवलेल्या असत. पहिल्या महिन्यातल्या पहिल्या सोनोग्राफीच्या दिवशी मी ऑफिसातून आले तेव्हा छत्र्या कपाटात होत्या आणि कडीला तेल लावलेलं होतं. त्याने काही सांगितलं नाही, मी विचारलं नाही. ऐन पावसाळा होता. रोज सकाळी छत्रीसाठी कपाट उघडावं लागे.

पहिल्या तीन महिन्यांत मी ऑफिसात एक हिशेब करत असे, तोंडी. आज दिवस राहिले तर बाळ कधी. जूनची शाळा कितव्या वर्षी. शाळाप्रवेशाची बातमी टेबलावर आली की त्यातली वयाची अट मी गरजेपेक्षा जास्त वेळा तपासली आहे.

पहिला महिना गेला. दुसरा गेला. तिसऱ्या महिन्यात इंजेक्शननंतर फॉलिकल फुटलंच नाही. चौथ्या महिन्यात शनिवारी मी परळला कळवलं, "डावी १८. अस्तर ८." उत्तर आलं, "उद्या एकदा बघून इंजेक्शन." गिरगावचा दवाखाना रविवारी बंद असतो. आधीच्या तीन महिन्यांत हा दिवस एकदाही रविवारी आला नव्हता. म्हणून मी बसने परळला गेले.

तिथले डॉक्टर तरुण होते. त्यांच्याकडे हाताने लिहायची चिठ्ठी नव्हती. संगणकावर एक ठरावीक फॉर्म होता आणि एक रकाना रिकामा राहिला तर पुढचं पान उघडत नसे. मोजून झाल्यावर त्यांनी विचारलं, "काल किती होतं?"

"अठरा."

"अठरा बाय किती?"

फाइल घरी होती. मी फोन काढून परळला पाठवलेला मेसेज दाखवला. त्यांनी तो वाचला आणि परत दिला.

"हे एकच माप आहे," ते म्हणाले. "आज उभं एकोणीस आहे, आडवं चौदा. सरासरी साडेसोळा. आम्ही सरासरी धरतो. काल तुम्ही बहुतेक लांबी कळवलीत."

त्यांनी तिथूनच डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या दिवशीचं इंजेक्शन थांबवण्यात आलं.

घरी येऊन मी फाइल उघडली. गिरगावच्या सगळ्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावलेल्या होत्या. इंजेक्शनच्या दिवशीच्या तीन मी बाजूला काढल्या. पहिल्या महिन्याची: १९ × १४. दुसऱ्या महिन्याची: १८ × १३. तिसऱ्याची: २० × १४. शेजारी फोनवरचे माझे मेसेज. "डावी १९. अस्तर ८." "उजवी १८. अस्तर ८." "डावी २०. अस्तर ९."

दुसरा आकडा प्रत्येक वेळी चिठ्ठीवर होता. प्रत्येक वेळी मी तो कापला होता.

ज्या वृत्तसंपादकांच्या हाताखाली मी काम शिकले ते सांगत, मथळ्याला एकच आकडा झेपतो. दोन दिलेस तर वाचक दोन्ही विसरतो. म्हणून मोठा घे. सोळा वर्षं मी मोठा आकडा घेते आहे. पावसाचा, मोर्चाचा, आगीच्या बंबांचा. तो मेसेज टाइप करताना मी विचार केल्याचं मला आठवत नाही. अस्तराचा एकच आकडा होता, म्हणून तो जसाच्या तसा गेला.

सरासरी काढली तर पहिल्या महिन्यात साडेसोळाला इंजेक्शन दिलं गेलं होतं, दुसऱ्यात साडेपंधराला, तिसऱ्यात सतराला.

नवरा संध्याकाळी ओट्यापाशी लसूण सोलत होता तेव्हा मी त्याला सांगितलं. तिन्ही चिठ्ठ्या आणि फोन त्याच्यासमोर ठेवले. त्याने हात पुसले, चष्मा लावला, एकेक पाहिलं. मग पुन्हा लसूण घेतला.

"म्हणजे लवकर दिलं," तो म्हणाला.

"हो."

"तीनदा."

"हो."

त्याने आणखी दोन पाकळ्या सोलल्या. मग म्हणाला, "तू मलाही असंच करतेस. 'उशीर होईल.' किती, का, जेवून येणार का, काही नाही. अकरा वर्षं मी अंदाजाने कुकर लावतोय."

मी चिठ्ठ्या गोळा केल्या.

"रडू नकोस," तो म्हणाला. मी रडत नव्हते. त्याने लसणाच्या पाकळ्या वाटीत टाकल्या. "उद्यापासून दोन्ही पाठव. मलाही. सरासरी मी काढतो."

सोमवारी सकाळी मी डॉक्टरबाईंना फोन केला आणि झालेलं सगळं सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "मला वाटलं तुम्ही सरासरी पाठवताय. विचारायला हवं होतं. विचारलं नाही."

"त्यामुळेच राहिलं नाही का?"

"ते मी म्हणणार नाही. त्यामुळे नाही, असंही म्हणणार नाही. तुमच्या वयात नेमकी वेळ साधूनही पुष्कळदा राहत नाही." मग पुढे म्हणाल्या, "आज मोजा. उद्या मोजा. उद्या गिरगावात झालं की इकडेही या. एकाच दिवशी दोघांचं माप मला हवंय."

गिरगावच्या डॉक्टरांना रविवारचा सगळा प्रकार मी पोचायच्या आधीच कळला होता. परळच्या तरुण डॉक्टरांनी फोन केला होता.

"काय गो पेपरवाली," त्या म्हणाल्या, "माझा एक आकडा खाल्लास?"

मी हो म्हणाले, आणि आधीचे तीन महिनेही असंच केल्याचं सांगितलं.

"तीन महिने. ढेकर पण नाय दिलास."

बाहेर बाकावर कुणीतरी हसलं. डॉक्टरांनी दार लोटलं आणि खुर्चीत बसल्या.

"तू मला विचारलंस, यातला कुठला धरायचा?"

"नाही."

"मी तुला सांगितलं?"

"नाही."

"मग दोघी सारख्या. माझ्या हातात चूक नाय, पोरी. मी तीस वर्षं तशीच मोजते, लांब आणि रुंद. माझे जुने डॉक्टर लोक दोन आकडे बघायचे आणि डोक्यात सरासरी काढायचे. आता चिठ्ठी त्यांच्यापर्यंत जात नाय, फोन जातो. कागदावर सरासरीला जागाच नाय." त्यांनी चिठ्ठ्यांचं पॅड माझ्याकडे सरकवलं. "तुमच्या पेपरात कसं करतात? सगळे एकसारखं लिहितात ते?"

मी सांगितलं की आमच्याकडे नऊ पानांचा नियमांचा कागद आहे. आकडे कुठे अक्षरांत, कुठे अंकांत, वय कसं लिहायचं, 'सुमारे' कधी. कुणाचंही मत काही असो, बातमी त्या कागदाप्रमाणे जाते.

"मग मला बनवून दे."

त्यांच्याच पॅडच्या पाठकोऱ्या पानावर मी पट्टीने रकाने आखले. दिवस. बाजू. लांबी. रुंदी. सरासरी. अस्तर. मोजणाऱ्याची सही. डॉक्टरांनी पेन घेऊन खाली एक ओळ वाढवली: माप आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत. "ही नाय लिहिली तर कुणी साल धरून मोजेल," त्या म्हणाल्या.

त्या दिवशीचं माप पहिल्यांदा त्या कागदावर लिहिलं गेलं. डावी, २०, १५, सरासरी साडेसतरा. मी कागदाचा फोटो परळला आणि नवऱ्याला पाठवला. नवऱ्याचं उत्तर आलं, "१७.५ बरोबर." त्याने फोनच्या कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं होतं.

मंगळवारी आठ वाजता गिरगावात २१ आणि १६ आलं, सरासरी साडेअठरा. दहा वाजता परळमध्ये २० आणि १६, सरासरी अठरा. परळच्या तरुण डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून गिरगावला फोन लावला आणि मला ऐकू जावा म्हणून स्पीकरवर टाकला.

"डॉक्टर, तू फुली कुठे ठेवतोस?" गिरगावच्या डॉक्टर विचारत होत्या.

"आतल्या कडेला, मॅडम."

"मी पण. मग हा अर्धा मिलिमीटर कुठून आला?"

"तेवढा हाताचा असतो, मॅडम."

"कुणाच्या हाताचा?"

"तुमच्या म्हणायची माझी हिंमत नाही."

"शहाणा आहेस. दे तिला इंजेक्शन."

साडेअकरा वाजता इंजेक्शन दिलं गेलं. मी तिथून ऑफिसला गेले. त्या दिवशी पान तीनवर एका आकड्याची चूक मी पकडली आणि दुरुस्त केली. आकडा कशाचा होता ते आता आठवत नाही.

गुरुवारी सकाळी गिरगावात काळा गोल दिसला नाही. त्या जागी सुरकुतलेलं काहीतरी करडं होतं आणि मागे थोडं पाणी. डॉक्टरांनी फुल्या ठेवल्या नाहीत, मोजायला काही नव्हतं. त्यांनी रकान्यात एकच शब्द लिहिला: फुटलं. आमच्या ऑफिसात हा शब्द वेळेआधी बाहेर गेलेल्या बातमीसाठी वापरतात आणि तो कुणालाही आवडत नाही. मी तो कागद फाइलला न लावता पर्समध्ये ठेवला.

पुढचे सोळा दिवस मी कामाला गेले. नवरा कामाला गेला. नवरात्र सुरू झालं. वाडीत बायका रोज ठरलेल्या रंगाच्या साड्या नेसून निघत, मीही नेसले. एका संध्याकाळी घरी आले तर नवरा स्टुलावर उभा राहून तुळईची कडी हाताने ओढून बघत होता. मला पाहून म्हणाला, "पक्की आहे." मग उतरला आणि स्टूल जागेवर ठेवलं.

सोळाव्या दिवशी सकाळी रक्त दिलं. निकाल दुपारी साडेतीनला ऑफिसात असताना आला. चार ओळींचा होता: तपासणीचं नाव, आलेला आकडा, तुलनेसाठीचे आकडे आणि निष्कर्ष. निष्कर्ष निगेटिव्ह होता. मी काही न कापता चारही ओळी नवऱ्याला पाठवल्या.

त्याचं उत्तर आलं, "वाचलं." थोड्या वेळाने दुसरं आलं. "किती वाजता येशील?"

मी लिहिलं, "सव्वाआठ ते साडेआठ. पान चार उशिरा आहे. जेवायला घरी."

डॉक्टरबाईंनी ठरल्याप्रमाणे उपचार थांबवले. शेवटच्या भेटीत मी त्यांना पुन्हा विचारलं की आधीचे तीन महिने वेळेवर इंजेक्शन मिळालं असतं तर. त्या म्हणाल्या, "याचं उत्तर कुणाकडेच नाही." मी ते तसंच लिहून घेतलं.

छत्र्या अजून कपाटातच आहेत.

या वर्षी पाऊस सुरू व्हायच्या आधी माझ्या उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. पित्ताशयात खडे आहेत का ते बघायला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी लिहून दिली. मी सकाळी उपाशीपोटी गिरगावच्या दवाखान्यात गेले. बाकावर माझ्याशिवाय तिघी होत्या. शेजारची पंचविशी-तिशीची, ऑफिसची पिशवी मांडीवर.

"ताई, तुमचं किती आलं?" तिने विचारलं.

"मी पोटदुखीसाठी आलेय," मी म्हणाले.

"हो का. सॉरी हं."

ती आत जाऊन आली. हातात कागद होता. तो आता छापून घेतलेला होता. रकाने मी आखले त्याच क्रमाने होते आणि खाली आतल्या कडेची ओळ. तिने फोन उघडला, कागदाकडे पाहिलं, दोन अंक टाइप केले, पुसले. मग कागद माझ्यासमोर धरला.

"ताई, डॉक्टरांना यातला कुठला आकडा पाठवायचा असतो?"

"सगळे," मी म्हणाले. "पूर्ण कागदाचा फोटो पाठव."

तिने कागद मांडीवर सपाट केला आणि फोटो काढला. पहिला हलला, म्हणून दुसरा काढला. तो पाठवल्यावर तिने मला स्क्रीन दाखवली. उजवी, लांबी १९, रुंदी १७, सरासरी १८.